हळदीच्या नावावर मांडलेले मृत्यू

कर्क्युमिननं स्तनाच्या कर्करोगाच्या बहुतेक पेशी मारल्या, असं एक वाक्य मी पीएचडीच्या सुरुवातीच्या काळात एका परिषदेतल्या पोस्टरवर ठळक अक्षरांत छापलं होतं. ते वाक्य चुकीचं होतं. आकडे मी मनानं घातले नव्हते, यंत्रानं दिले तेच लावले होते. घोळ त्यांच्या आधी झाला होता, आणि एक नव्हे तर अनेक. त्यातले काही कर्क्युमिनचा आकडा वर ढकलत होते, काही तुलनेच्या औषधाचा आकडा खाली ओढत होते. म्हणूनच आलेख इतका देखणा निघाला.

आता मी नव्या मुलांना याच पद्धती शिकवते. प्रोटोकॉलमध्ये काय करायचं ते लिहिलेलं असतं, काय केलं की फसायला होतं ते नसतं. म्हणून माझ्या चुका नीट मांडून ठेवते.

आधी हळदच का, ते सांगते. 1995 साली अमेरिकेत हळदीनं जखमा भरण्याच्या उपयोगावर पेटंट दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं, ही गोष्ट आमच्या पिढीनं शाळेत अभिमानानं ऐकली. संशोधनाचा विषय निवडताना ती माझ्या डोक्यात होती. पेटंट रद्द झालं ते जखमेवर हळद लावण्याचं ज्ञान आपल्याकडे जुनं होतं म्हणून. कर्करोगाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण मनात मी निकाल आधीच लावून ठेवला होता, आणि असा माणूस मनाजोगता आकडा आला की तिथेच तपासणं थांबवतो.

पेशी होत्या एमसीएफ-7. स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासात जगभर वापरल्या जाणाऱ्या या पेशी आपल्याकडे बहुतेकांना पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळतात. पहिली चाचणी केली ती सगळे करतात तीच, एमटीटी. टिम मॉसमन यांनी 1983 मध्ये मांडलेली ही पद्धत स्वस्त आहे, एका दुपारी 96 खणांची प्लेट वाचून होते. पिवळं एमटीटी पेशींवर घालायचं. जिवंत पेशींमधली एन्झाइमं त्याचे जांभळे स्फटिक करतात. ते डीएमएसओमध्ये विरघळवायचे आणि 570 नॅनोमीटरला रंग मोजायचा. जांभळं जास्त तर पेशी जास्त, जांभळं कमी तर पेशी मेल्या, असं मी धरून चालले.

इथेच पहिली चूक. एमटीटी चयापचय मोजतं, मरण मोजत नाही. सोसायटीत किती माणसं जिवंत आहेत हे विजेच्या बिलावरून ठरवण्यातला हा प्रकार आहे. बिल निम्मं आलं तर निम्मी माणसं गेली असतील, गावाला गेली असतील, किंवा पंखे बंद करून बसली असतील. हिशेबच मांडून बघा. प्रत्येक खणात 10,000 पेशी पेरल्या. साध्या खणातल्या पेशी एकदा दुभंगून 20,000 झाल्या. औषधाच्या खणातल्या पेशींनी दुभंगणं थांबवलं, त्या 10,000च राहिल्या. एकही मेली नाही, तरी एमटीटी सांगणार 50 टक्के. हे 50 टक्के मी 'निम्म्या पेशी मेल्या' असे वाचले आणि तसेच लिहिले. औषध घालण्याच्या क्षणाला एक वेगळी प्लेट वाचून ठेवली असती तर पेशी कमी झाल्या की नुसत्या वाढायच्या थांबल्या, हे तिथेच कळलं असतं. ती शून्य तासाची प्लेट मी कधी लावली नव्हती.

दुसरी चूक डीएमएसओची. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा 10 मिलिमोलरचा साठा डीएमएसओमध्ये केला होता. त्यातून 100 मायक्रोमोलरचा डोस द्यायचा तर माध्यमात 1 टक्का डीएमएसओ जातो, आणि इतका डीएमएसओ पुष्कळ पेशींना स्वतःच जड जातो. माझ्या कंट्रोलच्या खणांत नुसतं माध्यम होतं, डीएमएसओचा थेंब नव्हता. म्हणजे डोस वाढेल तसा डीएमएसओही वाढत होता आणि दोघांचा मिळून परिणाम मी कर्क्युमिनच्या खात्यावर टाकत होते. सगळ्या खणांत, कंट्रोलसकट, डीएमएसओ सारखाच ठेवायचा असतो. हे मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर बरोबर लिहिलं असतं. पिपेट हातात घेतल्यावर ते केलं नाही, कारण प्रत्येक डोससाठी वेगळी पातळ द्रावणं बनवायचा कंटाळा.

तिसरी प्लेटच्या कडेची. इन्क्युबेटरमध्ये 96 खणांच्या प्लेटच्या कडेच्या खणांतलं माध्यम आधी आटतं, क्षार दाटतात, पेशी कोमेजतात. माझे सगळ्यात मोठे डोस नेमके शेवटच्या उभ्या रांगेत, म्हणजे कडेला असत, आणि कंट्रोल आत. वहीत डावीकडून उजवीकडे चढत्या क्रमानं लिहायची सवय, तशीच प्लेट भरली.

एक फसगत मात्र उलट्या बाजूची होती. कर्क्युमिनबरोबर मी सांगलीच्या हळदीचा कच्चा अर्कही वापरून बघितला होता. वनस्पतींचे अर्क, क जीवनसत्त्व, काही फ्लेव्होनॉइड ही मंडळी पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात. अर्काच्या खणांत पेशी मेल्या असल्या तरी रंग जिवंत पेशींचा येऊ शकतो. पेशींशिवाय नुसता अर्क आणि एमटीटी असलेले खण मी ठेवले नव्हते. अर्काचे आकडे वेडेवाकडे आले, म्हणून 'अर्कात अशुद्धी असणार' असं ठरवून मी अर्क सोडून दिला आणि कर्क्युमिनचे आकडे सरळ आले म्हणून ते धरले. एकाच पद्धतीत एका ठिकाणी शंका घ्यायची आणि दुसऱ्या ठिकाणी घ्यायची नाही, हे का, असं तेव्हा मला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आता त्याहून मोठा भाग. नुसत्या एमटीटीवर पोस्टर होत नाही, मरणाची खूण दाखवा असं विचारतात. त्यासाठी ॲनेक्सिन व्ही वापरतात. जिवंत पेशीच्या आवरणात फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचं मेद आतल्या बाजूला ठेवलेलं असतं. पेशी ठरवून मरायला निघाली, म्हणजे ॲपॉप्टोसिसमध्ये शिरली, की ते बाहेरच्या बाजूला येतं. ॲनेक्सिन त्याला चिकटतं आणि त्याला जोडलेला हिरवा रंग फ्लो सायटोमीटरला दिसतो. सोबत प्रोपिडियम आयोडाइड नावाचा लाल रंग घालतात. तो फाटलेल्या आवरणातूनच आत शिरतो. नुसती हिरवी पेशी मरणाच्या वाटेवर, हिरवी आणि लाल म्हणजे आवरण फाटलेली, दोन्ही नाही ती जिवंत. कागदावर इतकं सोपं.

तुलनेला मी स्टॉरोस्पोरिन घेतलं होतं. पेशी मारण्यात ते इतकं वाकबगार आहे की चाचणी चालते की नाही हे बघायला जगभर तेच वापरतात. माझ्या आलेखात मात्र स्टॉरोस्पोरिनच्या पेशी बऱ्याचशा जिवंत होत्या आणि कर्क्युमिनच्या बहुतेक हिरव्या. म्हणजे हळद स्टॉरोस्पोरिनपेक्षा वरचढ. इथे कुणाच्याही डोक्यात घंटा वाजायला हवी होती. माझ्या डोक्यात पोस्टरचं शीर्षक तयार होत होतं.

पोस्टरनंतर बऱ्याच काळानं तोच प्रयोग पुन्हा करायला मी फ्लो सायटोमीटरवर गेले, तेव्हा यंत्रावर नवीन ताई आल्या होत्या. त्यांनी नळ्या मोजल्या आणि विचारलं, "हळद घातलेल्या पण रंग न लावलेल्या पेशींची नळी कुठाय?"

"रंग न लावलेली नळी आहे ना ताई, ही बघा. कंट्रोलची."

"कंट्रोलची नको गं. हळदीची. हळद स्वतः पिवळी आहे, चमकत असेल तर?"

ती नळी नव्हतीच. उरलेल्या पेशी घेऊन, ॲनेक्सिन न घालता, तिथल्या तिथे एक नळी केली. पडद्यावर पेशींचा सगळा ढग हिरव्या बाजूला सरकला. रंगाचा थेंब नसताना. कर्क्युमिन पेशीत साठतं आणि निळ्या लेसरखाली हिरवट चमकतं. इतके दिवस ज्याला मी ॲनेक्सिन म्हणत होते ती निव्वळ हळद होती. ताई काही बोलल्या नाहीत, फाइल सेव्ह केली आणि माझ्याकडे बघितलं. मी पोस्टरचा फोटो फोनमध्ये शोधत होते. का शोधत होते कोण जाणे.

मग प्रश्न उरला स्टॉरोस्पोरिनचा. त्याच्या पेशी हिरव्या का होत नव्हत्या? याला दोन कारणं निघाली आणि दोन्ही माझ्याच हातची. पेशी प्लेटच्या तळाला चिकटून वाढतात, त्या सोडवायला ट्रिप्सिन आणि ईडीटीए वापरतात. ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं, आणि ॲनेक्सिनला चिकटायला कॅल्शियमच लागतं. म्हणून पेशी धुऊन कॅल्शियम असलेल्या बायंडिंग बफरमध्ये घ्यायच्या असतात. किटमधलं बफर संपलं होतं, दुसरं येईपर्यंत मी पीबीएस वापरलं. त्यात कॅल्शियम नसतं. थोडक्यात, माझ्या नळ्यांत ॲनेक्सिन धड कशालाच चिकटत नव्हतं. हिरवं दिसत होतं ते फक्त जिथे हळद होती तिथे.

दुसरं कारण आठवलं की आजही कानशिलं तापतात. मरणारी पेशी गोल होते, तळ सोडते आणि माध्यमात तरंगायला लागते. स्टॉरोस्पोरिन दिलं की हे ठळकपणे दिसतं. माझ्या पद्धतीतली पहिली पायरी होती: जुनं माध्यम काढून टाका, पीबीएसनं धुवा, मग ट्रिप्सिन घाला. मी ते माध्यम इमानेइतबारे ब्लीचच्या बाटलीत ओतत होते. मेलेल्या पेशी आधी फेकायच्या आणि मग किती मेल्या ते मोजायचं. नेहमी पेशी वाढवताना हीच पायरी बरोबर असते, तरंगणारा कचरा नकोच असतो. तीच पायरी हाताच्या सवयीनं मोजणीतही आली. औषध जितकं जास्त मारेल तितक्या जास्त पेशी ब्लीचमध्ये जाणार आणि तळाला उरलेल्या धडधाकट पेशी सांगणार, औषध काही खास नाही.

या सगळ्यात गाडीचाही वाटा होता. मी मीरा रोडला राहते, तेव्हाही राहत होते. विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये सकाळी मीरा रोडला शिरणं म्हणजे काय ते रोज करणाऱ्यालाच माहीत. अंगात ताकद नसली की मी उलटी भाईंदरला जायची आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून परत यायची, अर्धा-पाऊण तास त्यात मोडायचा. संध्याकाळी परतीची गाडी गाठायची म्हणून पेशींना औषध घालण्याची वेळ ठरे, आणि सकाळी पोचेन तेव्हा वाचायची. वहीत मात्र '24 तास' असा छापील रकाना होता. कधी ते सतरा तास असत, पावसाळ्यात वसई-नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आलं की सत्तावीस-अठ्ठावीसही. रकान्यात मी 24च लिहायची. ही चूक अज्ञानातली नाही. ही लबाडी होती, आणि तेव्हा ती मला लबाडी वाटलीसुद्धा नाही, कारण आजूबाजूला सगळेच 'साधारण 24' लिहीत होते.

पेशींच्या मरणात या तासांना फार किंमत आहे. शरीरात ॲपॉप्टोसिसनं मरणारी पेशी आवरण फुटायच्या आधीच शेजारच्या पेशी किंवा मॅक्रोफेज गिळून टाकतात. काचेच्या वा प्लास्टिकच्या भांड्यात गिळायला कोणी नसतं. तीच पेशी काही तासांनी फुटते, लाल रंग आत घेते आणि अपघातानं मेलेल्या, म्हणजे नेक्रोसिस झालेल्या पेशीसारखी दिसायला लागते. सहाव्या तासाला बघितलं तर एक निष्कर्ष, सत्ताविसाव्या तासाला बघितलं तर दुसरा. पेशी तीच, औषध तेच. माझ्या एका आलेखावर मी 'कर्क्युमिनमुळे ॲपॉप्टोसिस, स्टॉरोस्पोरिनमुळे नेक्रोसिस' अशी टीप टाकली होती. तो फरक औषधांचा नव्हता, त्या दिवशी मी पोचले कधी त्याचा होता. फुटलेल्या पेशींतून बाहेर येणारं एलडीएच मोजण्याच्या चाचणीतही हीच भानगड आहे. ते एन्झाइम माध्यमात फार काळ टिकत नाही, शिवाय माध्यमात घातलेल्या सीरममध्ये ते मुळातच असतं. किती वाजता मोजलं आणि नुसत्या माध्यमात किती होतं, हे दोन्ही सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आणखी एक फजिती सांगते, कारण तिच्यात मी फार वेळ आणि अगारोज घालवला. ॲपॉप्टोसिसमध्ये पेशीचा डीएनए साधारण 180 ते 200 अक्षर-जोड्यांच्या पटीत कापला जातो आणि जेलवर शिडीसारखे पट्टे दिसतात. अँड्र्यू वायली यांनी 1980 मध्ये हे दाखवलं. मला ती शिडी हवी होती, पोस्टरवर छान दिसते. काही केल्या येईना. जेलची टक्केवारी बदलली, बफर बदललं, व्होल्टेज कमी केलं, डीएनए काढायची किट बदलली, शेवटी जेलच्या टाकीला दोष दिला. मग कास्पेज-3 नावाचं, डीएनए कापायची सुरुवात करून देणारं एन्झाइम वेस्टर्न ब्लॉटवर शोधलं. तेही सापडेना, तेव्हा अँटिबॉडी जुनी झाली असेल असं ठरवलं. एमसीएफ-7 पेशींच्या कास्पेज-3च्या जनुकातला 47 अक्षरांचा तुकडा गळालेला आहे आणि त्यांच्यात हे एन्झाइम तयारच होत नाही, हे 1998 पासून छापलेलं आहे. त्या मरतात, पण शिडी न दाखवता. ज्या पेशींत जी गोष्ट नाही ती मी त्यांच्यात शोधत होते, आणि ज्या पेशी घेऊन मी रोज बसत होते त्यांच्याबद्दल एक संध्याकाळ काढून वाचलं नव्हतं.

या सगळ्या चुकांची मुळं शोधायला बसले तेव्हा एक साधी गोष्ट सापडली. मी पेशींकडे बघत नव्हते. सूक्ष्मदर्शक हुडाच्या शेजारीच होता. प्लेट बाहेर काढून अर्धा मिनिट खाली डोकावलं असतं तर स्टॉरोस्पोरिनच्या खणात तरंगणारे गोल मणी दिसले असते, कर्क्युमिनच्या कमी डोसच्या खणात पेशी तळाला पसरून बसलेल्या दिसल्या असत्या, आणि आलेख उलटा आहे हे यंत्राआधी डोळ्यांना कळलं असतं. 1972 मध्ये जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलास्टेअर करी यांनी ॲपॉप्टोसिस हे नाव दिलं, ते काही ॲनेक्सिनच्या जोरावर नाही. केर त्याआधी उंदरांच्या यकृताचे काप बघत होते आणि त्यांना काही पेशी फुटण्याऐवजी आकसून, तुकडे होऊन, शेजाऱ्यांच्या पोटात जाताना दिसल्या. आधी ते दिसलं, मोजायच्या पद्धती मागून आल्या.

आपल्याकडे या विद्येची सुरुवात झाली तीही बघण्यापासूनच. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, 1917 साली पुण्यात जन्मल्या. डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्या मुंबईत तयार झाल्या आणि पुढे बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकल्या. हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी 1951 मध्ये ज्यांच्या प्रयोगशाळेत वाढल्या आणि पुढे हेला म्हणून जगभर गेल्या, तेच हे गाय. परत आल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रणदिवेंनी जी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली ती देशातली पहिली मानली जाते. त्या काळी फ्लो सायटोमीटर हाताशी नव्हता. पेशी कशा दिसतात, कशा बसल्या आहेत, कधी रुसल्या आहेत हे नजरेनं ओळखणं हाच कामाचा पाया होता. माझ्या हाताशी लेसर होता, म्हणून मी नजर वापरायचं सोडलं.

इथपर्यंतचं नुकसान माझं, माझ्या वेळेचं आणि अनुदानाच्या पैशांचं म्हणता येईल. पण पोस्टर प्रयोगशाळेत राहत नाही. आईनं ते कौतुकानं सोसायटीत सांगितलं होतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंची तेव्हा केमोथेरपी चालू होती. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, तुझ्या हळदीच्या गोळ्या सुरू केल्यात मी. काळी मिरी घातलेल्या. चांगल्या लागू पडतात म्हणे."

"डॉक्टरांना सांगितलंत का काकू?"

"त्यांना कशाला सांगायचं? हळदच तर आहे. आणि तूच सिद्ध केलंयस ना?"

त्या वेळेपर्यंत फ्लो सायटोमीटरवरची ती नळी मी बघितलेली होती. जिन्यातच उभ्या उभ्या त्यांना सांगितलं की माझा निकाल चुकला होता. त्यांना मी ते विनयानं बोलतेय असं वाटलं. मग घरी जाऊन नीट सांगितलं. भांड्यात मी पेशींवर 20, 50, 100 मायक्रोमोलर कर्क्युमिन ओतत होते. तैवानमध्ये झालेल्या एका चाचणीत रुग्णांना रोज 8 ग्रॅम कर्क्युमिन तोंडावाटे दिलं, तरी रक्तात सापडलं ते 2 मायक्रोमोलरच्या आत. घरातल्या हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के धरलं तर 8 ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल. काळ्या मिरीतलं पिपरीन कर्क्युमिन जास्त शोषायला लावतं हे खरं, पण ते औषधं पचवणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमांना अडवतं, आणि केमोची औषधंही त्याच यकृतातून जातात. "गोळ्यांची बाटली डॉक्टरांना दाखवा, ते म्हणाले घ्या तर घ्या," एवढंच मागितलं. डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्या. काकूंनी केल्या. नंतर मात्र बरेच दिवस त्या माझ्याशी तुटक बोलत होत्या. माझ्या चुकीपेक्षा मी ती कबूल केल्याचा त्यांना राग आला असावा. हातातला एक आधार काढून घेतला होता मी.

त्यानंतर प्रयोग पहिल्यापासून पुन्हा लावला. तरंगत्या पेशी आणि तळाच्या पेशी एकाच नळीत गोळा केल्या. डीएमएसओ सगळीकडे 0.1 टक्का. कडेच्या खणांत नुसतं पाणी. कॅल्शियमचं बफर घरच्या घरी केलं. ॲनेक्सिनला हिरव्याऐवजी हळदीच्या चमकेपासून लांबचा, तांबड्याच्या पलीकडचा रंग जोडलेला घेतला. शून्य तासाची प्लेट. घड्याळात बघून खरी वेळ. लवकरच्या वेळा गाठायच्या असतील त्या दिवशी सकाळी औषध घालायचं आणि शेवटच्या गाडीची तयारी ठेवायची. आणि प्रत्येक वेळेला ट्रायपॅन ब्लू लावून काचेच्या कक्षात स्वतः डोळ्यांनी मोजायचं, तेही झटपट, कारण तो निळा रंग फार वेळ ठेवला तर जिवंत पेशींनाही बाधतो. कळपातली किती जनावरं उरली यापेक्षा पुढे किती वाढू शकतात हे बघायचं असेल तर एकेक पेशी विरळ पेरून तिच्यापासून वसाहत होते का हे पाहावं लागतं. पक आणि मार्कस यांनी 1956 मध्ये दाखवलेली ती जुनी पद्धत वेळखाऊ आहे, पण तिच्यात हळदीची चमक लुडबुड करू शकत नाही. तीही केली.

निकाल असा आला. स्टॉरोस्पोरिननं अपेक्षेप्रमाणे पेशींचा फडशा पाडला. कर्क्युमिनच्या कमी डोसला पेशी वाढायच्या मंदावल्या, मेल्या फारशा नाहीत. मोठ्या डोसला खरोखर मेल्या, पण तो डोस माणसाच्या रक्तात पोचत नाही. शिवाय कर्क्युमिन सीरम नसलेल्या बफरमध्ये 37 अंशांना अर्ध्या तासात जवळपास सगळं विघटित होतं, सीरम असेल तर टिकतं बरंच जास्त. म्हणजे दिवसाअखेर पेशींसमोर कर्क्युमिन होतं की त्याचे तुकडे, हाही प्रश्न उरतो. हा निकाल कंटाळवाणा आहे. प्रबंधात तोच गेला, आणि पोस्टरवरचा निष्कर्ष चुकीचा होता असं एक वाक्यही गेलं. ते वाक्य ठेवावं की नाही यावर गाइडशी बराच वाद झाला. शेवटी त्यांनीच ते दुरुस्त करून अधिक स्पष्ट केलं.

आता विद्यार्थी आलेख घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा मी आलेखाकडे शेवटी बघते. पेशी कुठल्या, त्यांची ओळख कधी तपासली, मायकोप्लाझ्माचा संसर्ग नाही ना, किती वाजता औषध घातलं आणि किती वाजता काढलं, तरंगणाऱ्या पेशींचं काय केलं, हे आधी. मरण दाखवायचं तर निदान दोन पद्धती हव्यात आणि त्या एकाच खुणेवर टेकलेल्या नकोत. रंग वापरला असेल तर औषधाचा स्वतःचा रंग आणि चमक मोजलेली हवी. आणि निष्कर्षात लिहायचं ते जे मोजलं तेच. एमटीटी कमी झालं असेल तर 'एमटीटी कमी झालं' असंच लिहायचं. परवा एक मुलगी तुळशीच्या अर्काचा आलेख घेऊन आली. रेघ झोकात उतरत गेलेली, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. तिला म्हटलं, "छान आहे. आता पेशी न घातलेल्या खणांचे आकडे दाखव, मग बोलू."